दगडाचं लाळेरं

मी सात वर्षांची असताना आमच्या कोपीत मला बहीण झाली आणि नऊ दिवसांनी ती गेली. कोपी म्हणजे ऊसतोडीच्या फडाजवळ पाचटाची बांधतात ती झोपडी. आत वाकूनच जावं लागतं. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. दसरा झाला की अर्धं गाव कोयते घेऊन बाहेर पडायचं, त्यात आम्हीही. पोरगी झाली त्या दिवशी दुपारपर्यंत आई फडात मोळ्या बांधत होती. थंडी होती. नवव्या दिवशी सकाळी पोरीनं दूध ओढलं नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला माझ्याच जुन्या परकरात गुंडाळलं, ओढ्याच्या कडेला खड्डा घेतला आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर एक दगड ठेवला. बारावा दिवस आलाच नाही, म्हणून बारसं नाही. बारसं नाही म्हणून नाव नाही. एवढ्याशा जिवाचं दहावं घालत नाहीत, पित्राला पानही वाढत नाहीत. तीन दिवसांनी आई पुन्हा फडात होती. कुणी रडलं का, ते मला आठवत नाही. पुढच्या वर्षी आमची टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. तो ओढा आज कुणी दाखवला तरी मला ओळखू येणार नाही.

नंतर दत्ता झाला. दवाखान्यातल्या सिस्टरनं कागदावर लिहिण्यासाठी विचारलं, "आधीची लेकरं किती?"

"एकच," आई म्हणाली. मी शेजारी उभी होते.

तेव्हापासून रेशनकार्डावर, शाळेत, दवाखान्यात, पाहुण्यांत आमच्या घराचं एकच उत्तर. लेकरं दोन.

मी शिकले. वसतिगृहात राहून दहावी, नगरला कॉलेज, मग पुण्यात एका खोलीत सहाजणींबरोबर राहून जपानी भाषेच्या परीक्षा. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. सुप्याच्या एमआयडीसीत एका जपानी कंपनीत मला दुभाषी म्हणून नोकरी लागली. तिथे कावादा सान भेटले. सान म्हणजे आपलं 'साहेब'. हे सगळं त्यांच्याबद्दल आहे. माझ्याबद्दल सांगायचं ते इथवर.

कावादा सान निवृत्तीनंतर पुन्हा बोलावून घेतलेले. वय चौसष्ट, उंची माझ्याएवढी, पाठ किंचित वाकलेली. प्रेसच्या साच्यांची देखभाल आमच्या पोरांना शिकवायला तीन वर्षांसाठी आले होते. दुसऱ्याच आठवड्यात पोरांनी त्यांचे 'कवडे साहेब' करून टाकले आणि त्यांनीही ते नाव असं स्वीकारलं, की फोनवर सुद्धा "कवडे बोलतो" एवढं मराठीतून म्हणायचे आणि पुढे गप्प बसायचे. दुसरं मराठी वाक्य त्यांना येत होतं ते म्हणजे "जेवण झालं का?" सकाळी सात वाजता, दुपारी चार वाजता, लिफ्टमध्ये, मीटिंगच्या सुरुवातीला, सगळीकडे हाच नमस्कार. प्लांट हेडना, वॉचमनला, एकदा पाहणीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यालाही. तो अधिकारी म्हणाला, "अजून नाही," आणि त्याला खरोखरच कॅन्टीनमध्ये नेऊन बसवावं लागलं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं. काड्यापेटीत ठेवलेला सुईदोरा असायचा. कुणाच्या गणवेशाचं बटण लोंबताना दिसलं की ते त्याला जागेवर उभं करून बटण लावून द्यायचे. मशीन सुरू करण्याआधी तिच्यासमोर किंचित वाकायचे. एकदा सुनील नावाच्या ऑपरेटरनं रागात भंगाराच्या डब्याला लाथ घातली. कावादा सान आले, डबा सरळ केला आणि त्या डब्याची जपानीतून माफी मागितली. सुनीलकडे पाहिलंही नाही.

"मॅडम, काय म्हनले?" सुनीलनं मला विचारलं.

"डब्याला म्हणाले, आमच्या माणसाचं चुकलं."

सुनील दिवसभर त्या डब्याच्या बाजूनं गेला नाही.

पहिल्या फेब्रुवारीत ते मला म्हणाले, "टोफू पाहिजे. एक मोठी वडी." मी कॅन्टीनवाल्या सलीमभाईंना सांगितलं. सलीमभाई नगरचे, तोंडानं फटकळ, हातानं सढळ.

"मॅडम, ते काय अस्तं?"

"सोयाबीनचं पनीर."

"मंग पनीरच घ्या की. नगरात सोयाबीन गुरं खात्यात."

दुपारी पनीरची किलोभराची वडी स्टीलच्या ताटात आली. कावादा सानांनी कपाटातून एक डबा काढला. वर्षभरात मोडलेली ड्रिल बिटं, झिजलेल्या पिना, आटे पाडायचे तुटलेले टॅप त्यात जपून ठेवलेले. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, ते चुकांचा हिशोब ठेवतात. त्यांनी एकेक तुकडा पुसला आणि पनीरमध्ये अलगद खोचला. मग हात जोडून उभे राहिले.

"साहेबांनी पनीरला सुया टोचल्या," मागून कुणीतरी बोललं. हसणं पसरलं.

त्यांनी मला भाषांतर करायला सांगितलं. त्यांची आई शिवणकाम करायची. वर्षभरात मोडलेल्या सुया ती एका ठरलेल्या दिवशी देवळात नेऊन टोफूत खोचायची. जन्मभर जाड कापडात घुसल्या, शेवटी तरी मऊ मिळावं म्हणून. वापरलेल्या वस्तूतही जीव येतो, असं त्यांच्याकडे मानतात. नुसता टाकून दिला तर तो भटकतो.

"आमच्यात बी खंडेनवमीला हत्यारं पुजत्यात," सुनील म्हणाला. "पन धड असलेली. मोडक्याची पूजा कोन करतं?"

मी ते जपानीत सांगितलं. कावादा सान म्हणाले, "धड असलेल्याला सगळेच विचारतात."

सलीमभाई दारात उभे होते. ते म्हणाले, "आमच्यात जुमेरातीला गेलेल्यांच्या नावानं फातिहा देत्यात, समोर जेवन ठिवून. त्यांनी पनीर ठिवलं. हसायला काय झालं रे?" आणि हसणं थांबलं. फक्त नंतर ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पनीर वाया गेलं तेवढं मातर वाईट झालं."

कंपनीच्या मागच्या अंगाला तारेचं कुंपण होतं, पलीकडे कच्चा रस्ता, अलीकडे एक बाभळ. त्या बाभळीखाली दुपारी बारा वाजता कुणी जात नसे. झाडलोट करणाऱ्या हिराबाईंनी तो भाग झाडणं सोडलं होतं. कावादा सानांनी कारण विचारलं.

"बाई हाय तिथं," हिराबाई म्हणाल्या. "क्यास सोडून बसती. ठेकेदाराच्या मानसाला दिसलीय."

मी भाषांतर केलं. मला वाटलं, ते हसतील. त्यांनी वही काढली आणि बिघाडाची चौकशी करतात तसे तीन प्रश्न विचारले. कुणाची कोण? कशानं गेली? तिला जेवायला कोण देतं?

"जेवायला?" हिराबाईंनी कपाळावर हात मारला. "आवो साहेब, ती आपल्याला खाईल!"

"भुकेली असेल तर खाईलच," कावादा सान म्हणाले. त्यात त्यांना काही विनोद वाटत नव्हता.

त्यांनी मला समजावलं, की त्यांच्याकडे भुताची मोठी भीती अशी नसते. ज्याचं मागे कुणी उरलेलं नाही, ज्याला कुणी हाक मारत नाही, पाणी देत नाही, ते भटकतं. म्हणून वर्षातून एकदा आपल्या गेलेल्या माणसांबरोबर अशा बेवारशांनाही वाढतात. मी म्हटलं, आमच्याकडेही उतारा ठेवतात, भात, लिंबू, तिठ्यावर.

"मग?"

"मग मागे न बघता घरी येतात."

त्यांनी वही मिटली. "वाढायचं आणि पळायचं," ते म्हणाले. "पाहुण्याला कसं वाटत असेल?"

दुसऱ्या दिवसापासून ते बारा वाजता डबा घेऊन बाभळीखाली बसू लागले. झाकणात थोडा भात काढून समोर ठेवायचे, "जेवण झालं का?" असं रिकाम्या जागेला विचारायचे आणि जेवायचे. आठ दिवसांनी हिराबाई भाकरी घेऊन तिथे गेल्या. मला म्हणाल्या, "एकला मानूस जेवतोय, बरं दिसत न्हाई." त्यानंतर ती बाई कुणाला दिसली नाही. किंवा कुणी बघितलं नाही.

तिथेच त्यांना तो दगड सापडला. कुंपणाच्या तारेला लागून, गुडघ्याएवढा, वरून गोल, डोक्याला लाल रंग. ते त्याच्यासमोर वाकले, रोज वाकू लागले. एका रविवारी नगरच्या कापडबाजारातून लाल कापड आणलं आणि हातशिलाईनं लहान मुलाचं लाळेरं शिवून त्या दगडाच्या गळ्यात बांधलं. हिराबाईंना वाटलं, जपान्यांचा देव असेल. त्यांनी हळदकुंकू वाहिलं. हिराबाईंनी वाहिलं म्हणून ट्रकवाल्यांना वाटलं, गावचा देव असेल. त्यांनी नारळ फोडले. मलाही वाटलं, असेल कुणीतरी म्हसोबा. मी शिकलेली, पण मीही विचारलं नाही.

मग मोजणीवाले आले. दिवाळीनंतर कुंपणाच्या जागी पक्की भिंत येणार होती, म्हणून हद्द पुन्हा मोजायची होती. मोजणीवाल्यांतला एक उतारवयाचा माणूस दगडापाशी गेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आरं तिच्या! ह्यो माझा हद्दीचा दगड हाय. मीच रंग फासून गेल्तो. ह्याला लाळेरं कुनी घातलं?"

सगळे हसले. हिराबाई पदर तोंडाला लावून निघून गेल्या. कावादा सानांना सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं. ते मोजणीवाल्याकडे वळले. मग म्हणाले, "ह्यांना विचार, हा दगड कशासाठी असतो?"

"कशासाठी म्हंजे? हितं आपलं संपतं आन पल्याड दुसऱ्याचं सुरू व्हतं, ते कळावं म्हनून."

मी ते शब्दाला शब्द सांगितलं. कावादा सानांनी मान हलवली. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. "आमच्याकडचाही त्याच कामाला असतो."

मोजणीवाले गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. त्यांच्याकडे रस्त्याच्या कडेला, शिवेवर, स्मशानाच्या तोंडाशी एक छोटा दगडी देव उभा असतो. जिझो. जी लेकरं आईबापाआधी जातात, त्यांना या आणि पलीकडच्या जगामधली नदी ओलांडता येत नाही. ती काठावर बसून आईबापाच्या नावानं खड्यावर खडा रचत राहतात. राक्षस येऊन ते पाडतात. लेकरं पुन्हा रचतात. मग जिझो येतो आणि त्यांना आपल्या बाह्यांमध्ये लपवतो. म्हणून आईबाप त्याला लाळेरं बांधतात, त्याच्या बाहीत आपलंही एक आहे म्हणून. कावादा सानांचा मुलगा तीन दिवस जगला होता. चाळीस वर्षांपूर्वी. दरवर्षी बायको लाळेरं शिवायची. ती गेल्यावर ते शिवायला शिकले.

ते मला एकटीलाच सांगत होते, भाषांतराची गरज नव्हती. तरी सवयीनं मी प्रत्येक वाक्य मनात मराठीत करत गेले. सगळी वाक्यं सोपी होती. ते बोलायचे थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. मला सांगता आलं असतं. मी विचारलं, "चार वाजताची मीटिंग ठेवायची का?" लेकरं दोन, हे उत्तर मलाही पाठ होतं.

भिंतीच्या नकाशात रेघ सरळ त्या दगडावरून जात होती. दगड पायातल्या काँक्रीटमध्ये जाणार होता.

खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा असते आणि घरच्यांना आत येऊ देतात. त्या वर्षी मी आईला आणलं होतं. तिनं माझी खुर्ची पाहिली, टेबल पाहिलं, टेबलावर हात फिरवला. "बरं हाय," म्हणाली. मग फिरत फिरत आम्ही मागच्या अंगाला गेलो. कावादा सान दगडाचं जुनं लाळेरं सोडत होते. समोर शेवंतीची फुलं. "जेवण झालं का?" त्यांनी आईला विचारलं.

"झालं बाबा," आई म्हणाली. मग मला, "गं मंगल, दगडाला लाळेरं कशाला?"

मला 'त्यांची पद्धत' एवढं म्हणून पुढे जाता आलं असतं. मी सगळं सांगितलं. नदी, खडे, बाह्या. आई उभी होती ती खाली बसली.

"त्यांला इचार," ती म्हणाली, "नऊ दिसाच्या पोरीला घेतो का त्यो?"

बावीस वर्षांत ती त्याबद्दल पहिल्यांदा बोलत होती. मी वाक्य जपानीत केलं. नऊ, दिवस, मुलगी. पहिल्या परीक्षेत येतात तसले शब्द. माझा आवाज मीटिंगमध्ये असतो तसाच होता.

कावादा सानांनी दुःख झालं वगैरे काही म्हटलं नाही. "घेतो," ते म्हणाले.

"पन ती तिकडं हाय. ओढ्याच्या काठाला. कुठला ओढा, त्ये बी आता ध्यानात न्हाई. हिथं कशी यील?"

"माझा समुद्रापलीकडे आहे," कावादा सान म्हणाले. "शिवेवरचा कुठलाही दगड चालतो." मग त्यांनी विचारलं, "नाव काय?"

"नावच न्हाई ठिवलं. बारावा दिस कुठं उजाडला?"

"आमच्याकडे गेल्यावरही नाव ठेवतात."

आईनं हे ऐकून माझ्याकडे पाहिलं. मी नीट सांगितलं का, याची खात्री करून घेत असावी. मग तिनं समोरच्या फुलांकडे बघितलं. "शेवंता म्हना," ती म्हणाली.

कावादा सानांनी दोनदा म्हणून बघितलं. शेवंता. शेवंता. खिशातून काड्यापेटी काढली, नव्या लाळेऱ्याचा बंद लावायचा राहिला होता, तो लावायला घेतला. आईनं हात पुढे केला.

"द्या हिकडं. मला येतंय."

तिनं बंद लावला, दोरा दातानं तोडला आणि लाळेरं दगडाच्या गळ्यात बांधलं. गाठ सैल ठेवली, दोन बोटं घालून बघितली, लहान मुलाला बांधताना बघतात तशी. ती रडली नाही. मीही नाही. आत आरतीची घंटा वाजत होती, आम्ही प्रसाद घ्यायला गेलो.

कावादा सानांनी तीन वर्षांत कंपनीकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, खुर्चीसुद्धा नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी भिंतीच्या नकाशात बदल सुचवणारा अर्ज भरला. दगडापाशी भिंत दोन फूट आत वळवायची, म्हणजे दगड बाहेर रस्त्याच्या अंगाला राहील. त्या अर्जात 'बदलाचं कारण' असा रकाना असतो. त्यात त्यांनी जपानीत लिहिलं होतं, 'मुलांची सुरक्षितता'. इंग्रजीत करायला कागद माझ्याकडे आला. मी फक्त 'सेफ्टी' लिहिलं. नोकरीत मी एकदाच एक शब्द गाळला, तो हा. सेफ्टीच्या कारणाला आमच्याकडे कुणी प्रश्न विचारत नाही. प्लांट हेडनी उभ्या उभ्या सही केली. कावादा सानांना तेवढं इंग्रजी वाचता येत होतं. त्यांनी रकाना पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि कागद फाइलला लावला.

मार्चमध्ये ते जपानला परत गेले. निरोपसमारंभ झाला, शाल झाली, पोरांनी फोटो काढले. सलीमभाईंनी त्यांना पनीरची भाजी खाऊ घातली आणि म्हणाले, "ह्या टायमाला वाया न्हाई घालवायचं." सकाळी दहाची वेळ, गाडी मुख्य गेटवर उभी. कावादा सान गाडी मागच्या रस्त्यानं घ्यायला लावून भिंतीच्या वळणापाशी उतरले. मी बरोबर होते. त्यांनी खिशातली काड्यापेटी काढून माझ्या हातात दिली, आत सुई आणि लाल दोरा. मग दगडापुढे वाकले. प्लांट हेडपुढे वाकले होते त्याहून खाली. "जेवण झालं का, शेवंता?" म्हणाले. थोडं थांबले, उत्तर ऐकायला थांबावं तसे. गाडीत बसले. काच वर गेली. धूळ बसेपर्यंत मी उभी होते, मग शिफ्टच्या रिपोर्टचं भाषांतर राहिलं होतं ते करायला आत गेले.

पहिली दोन वर्षं नव्या वर्षाला त्यांचं कार्ड आलं. गेल्या वर्षी आलं नाही. मी चौकशी केली नाही.

आई दरवर्षी खंडेनवमीच्या दिवशी पाथर्डीहून एसटीनं येते. दगड बाहेर आहे, गेटपास लागत नाही. ती नवं लाळेरं बांधते आणि भाकरीचे दोन घास ठेवते. गेल्या वर्षी मी विचारलं, दोन कशाला?

"एक पोरीचा. एक कवडे साहेबाचा."

"अगं, ते गेले की नाही ते कुठं माहीत आहे?"

"असंना का जिता. जित्याला बी भूक लागती."

 उतारा ठेवून निघतात तशी ती मागे न बघता निघाली नाही. आम्ही दोघी तिथे बसून जेवलो.

गेल्या महिन्यात तिला गुडघ्यासाठी नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. सिस्टरनं फॉर्म घेतला. नाव, वय, गाव, मग "आजी, लेकरं किती?"

मी तोंड उघडणार होते. आई माझ्याआधी बोलली.

"तीन. मंगल, शेवंता, दत्ता. मधली न्हाई आता."

सिस्टरनं तीन लिहिलं.